‘अ’पासून ‘ह’पर्यंत

‘येरवडा’ म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे दोनच जागा उभ्या राहतात. एक मध्यवर्ती तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. त्या बाजूला तिसरीही एक जागा आहे, ती मात्र फारशी कोणाला आठवत नाही. गर्द झाडीत उभी असलेली ती जुनी दगडी इमारत म्हणजे डेक्कन कॉलेज. तेथे काही माणसे १९४८ सालापासून संस्कृत भाषेचा एक शब्दकोश तयार करीत आहेत. २०२२ सालापर्यंत त्याचे ३५ खंड प्रसिद्ध झाले होते, पानांची संख्या सहा हजारांवर गेली होती, आणि हे सगळेच्या सगळे खंड एकट्या ‘अ’ या अक्षराचे होते! हे ऐकल्यावर, ही मंडळी येरवड्याच्या पहिल्या दोन जागांपैकी एखाद्या जागेतून तर आली नाहीत ना, अशी शंका एखाद्या मिस्किल माणसाला यावी. माझ्या वर्गातील मुलांनाही ती आलीच. कोशवाङ्मय शिकवताना मी हा आकडा सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग सर, ‘ज्ञ’ कधी?”

प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो फार गंभीर वाटला. (मुलांच्या माहितीसाठी त्याच वेळी सांगून टाकले की, संस्कृत कोशात ‘ज्ञ’ शेवटी येत नाही, ‘ज’च्या पोटात येतो, शेवटी येतो तो ‘ह’.) हल्ली प्रत्येक विद्यापीठाची ‘भविष्यकालीन योजना’ असते. तिचे रंगीत पुस्तक निघते, त्यात बाणांच्या आकृत्या असतात आणि ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ हा शब्द पानोपानी असतो. डेक्कन कॉलेजची गंमत अशी की, आज ज्याला हे लांबलचक नाव मिळाले आहे ते काम या संस्थेत पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालले आहे. आणि तिची सर्वांत मोठी भविष्यकालीन योजना ज्यांनी आखली ती पिढी केव्हाच पडद्याआड गेली आहे. भविष्य ठरलेले आहे, फक्त ते घडवायला माणसे हवीत, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

संस्थेचे पूर्ववृत्त थोडक्यात सांगतो. पेशवाई बुडाल्यावर, पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात एक पाठशाळा निघाली. तिचेच पुढे कॉलेज झाले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बांधलेल्या येरवड्याच्या इमारतीत ते १८६८ साली राहायला गेले. रा. गो. भांडारकरांनी येथे संस्कृत शिकवले. टिळक-आगरकरांची मैत्री येथेच जमली आणि पुढे आयुष्यात काय करायचे याचे बेतही या दोघांनी येथेच केले. असे हे कॉलेज सरकारने १९३४ साली चक्क बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून. १९९० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९३९ साली येथे जी माणसे आली त्यांची नुसती नावे घेतली तरी पुरे. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाला हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे. निरनिराळ्या विद्यांची ही माणसे एका आवारात वावरत होती, आणि शेजाराचा परिणाम होतोच. इरावतीबाईंचे उदाहरण घ्या. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ साली डेक्कन कॉलेजनेच प्रसिद्ध केला. विषय समाजशास्त्राचा, पण पुराव्याचा केवढा तरी भाग भाषेचा, कारण कोणत्या प्रांतात कोणत्या नात्याला काय म्हणतात याच्या याद्या त्यांनी जमवल्या होत्या. या दृष्टीने आपल्याच घराकडे पाहिले तर गंमत दिसते. जुन्या घरांतून सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणत असे. सासू ही आत्या कशी? तर मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ जातींत होती. त्या लग्नात नव्या सुनेची सासू ही खरोखरच तिच्या बापाची बहीण, म्हणजे सख्खी आत्या असे. चाल मागे पडली, तरी हाक मात्र मागे राहिली. आता हा शोध भाषेचा म्हणायचा की समाजाचा?

दुसरे उदाहरण इनामगावचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे खेडे आहे. तेथे १९६८ पासून बारा हंगाम सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या मंडळींनी उत्खनन केले, आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला आणि त्यात बसवून पुरलेला एक माणूस! कुदळ-फावड्याचे काम येथे संपते. चुलीतील जळके दाणे जवाचे की आणखी कशाचे, हे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याने सांगायचे. हाडे बैलाची की हरणाची, हे प्राणिशास्त्र जाणणाऱ्याने. सांगाड्याचे दात पाहून आहार आणि आजार ओळखायचे ते शारीर मानवशास्त्र जाणणाऱ्याने. त्या सर्वांच्या सांगण्याची बेरीज झाली तेव्हा कळले की, इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास पाऊसमान बिघडत गेले असावे, शेती आखडली, घरे लहान होऊन गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीकडे अधिक वळले. दुष्काळाची ही कथा कोणत्याही एका विद्येला एकटीने सांगता आली नसती.

अलीकडचे उदाहरण हरियाणातील राखीगढीचे. तेथील हडप्पाकालीन दफनभूमीत डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून, एका स्त्रीच्या सांगाड्यातून, अभ्यास करता येण्याजोगा डीएनए मिळाला आणि त्यावरचा निबंध २०१९ साली ‘सेल’ या नियतकालिकात आला. त्यावरून वर्तमानपत्रांत बराच धुरळा उडाला. एका बाईच्या हाडावरून सगळ्या राष्ट्राची वंशावळ ठरवायला निघालेले उत्साही लोक दोन्ही बाजूंना होते. तो वाद येथे नको.

आता कोशाकडे वळतो, कारण खरी कसोटी तेथे आहे.

कत्रे हे मूळचे कोकणी भाषक. पाठचिकित्सेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिलेला हा मनुष्य १९४८ साली असा संकल्प करतो की, ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत संस्कृतात जे जे महत्त्वाचे लिहिले गेले त्यातील शब्द त्यांच्या इतिहासासह मांडायचे. म्हणजे शब्द प्रथम कोठे आला, तेव्हा त्याचा अर्थ काय होता, पुढे तो कसकसा बदलला, आणि प्रत्येक पायरीला मूळ वाक्याचा पुरावा. सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. वेद, व्याकरण, दर्शने, धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष, गणित, शिल्प, काव्य, काय नाही त्यात? विद्वानांनी ते वाचले आणि शब्दामागून शब्द चिठ्ठ्यांवर उतरवून काढले. हे काम १९७३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे चालले. चिठ्ठ्यांची संख्या भरली सुमारे एक कोटी! त्या आजही लोखंडी खणांतून अकारविल्हे लावून ठेवलेल्या आहेत. त्यानंतर १९७६ साली, अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली, पहिल्या खंडाला प्रारंभ झाला.

चिठ्ठ्या तयार असताना वेळ कशाला लागतो, असे कोणी विचारील. ‘अक्ष’ हा एक शब्द घेऊ. ऋग्वेदात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे, तेथे अक्ष म्हणजे द्यूताचा फासा. आणि हा फासा म्हणजे बेहड्याचे फळ. त्याच वेदात अक्ष म्हणजे रथाच्या चाकाचा आस. वैद्यकात अक्ष हे एक वजन आहे. ज्योतिषात तो शब्द स्थळाच्या उत्तर-दक्षिण अंतराशी जोडला जातो, त्यातून आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘अक्षांश’ येतो. तर्कशास्त्रात अक्ष म्हणजे इंद्रिय, म्हणून ‘प्रत्यक्ष’. आणि आजीच्या जपमाळेत ‘रुद्राक्ष’ आहेच. आता संपादकाने काय करावे? हा एकच शब्द की दोन-तीन निरनिराळे शब्द योगायोगाने एका रूपात आले? वजन किती, हे आयुर्वेद जाणणाऱ्याला विचारावे लागते. ज्योतिषग्रंथातील वाक्य गणित आल्याखेरीज लागत नाही. फासे कसे असत, हे विचारायला मात्र फार लांब जावे लागत नाही, कारण हडप्पा संस्कृतीच्या गावांतून निघालेल्या घनाकृती फाशांची खडान् खडा माहिती असणारे लोक त्याच आवारात पुरातत्त्व विभागात बसतात. या एका शब्दासाठी पाच विद्यांचे दरवाजे ठोठवायचे, आणि मग पुढची चिठ्ठी उचलायची.

त्यात ‘अ’ हे अक्षर संस्कृतात फार दुष्ट. कोणत्याही शब्दामागे ‘अ’ लावला की त्याचा नकार तयार. कर्म-अकर्म, काल-अकाल, धर्म-अधर्म. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग याच अक्षराच्या घरात राहतात, आणि प्रत्येकाचा गोतावळा मोठा. तरीही हिशेब मांडायचा तो मांडलाच पाहिजे. मोनियर-विल्यम्स यांच्या प्रसिद्ध कोशाच्या तेराशेच्या आसपास पानांत ‘अ’ने सव्वाशे पाने घेतली आहेत, म्हणजे सगळ्या शब्दसंपत्तीचा सुमारे दहावा हिस्सा. १९७६ ते २०२२ या ४६ वर्षांत येरवड्याला हा दहावा हिस्साही पुरता झाला नव्हता. याच चालीने गेल्यास ‘ह’ उगवायला पंचविसावे शतक लागेल. त्या सालचे दिवाळी अंक वाचायला आपण नसू, हे उघड आहे.

हे ऐकून कोशकारांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. जर्मनीत म्युनिक येथे लॅटिन भाषेचा असाच कोश १८९४ पासून चालू आहे. तेथेही चिठ्ठ्या सुमारे एक कोटी. ती मंडळी ‘एन’ या अक्षरापाशी आली, आणि त्यातील ‘नॉन’सारखे शब्द पाहून त्यांनी ते अक्षर तूर्त बाजूला ठेवून पुढची वाट धरली. लॅटिनमध्ये ‘नॉन’ म्हणजे ‘नाही’! नकाराने तेथेही अडवले, येथेही अडवले. आमचा नकार वर्णमालेच्या उंबऱ्यावरच बसलेला, एवढाच आमच्या नशिबाचा भाग. तरी म्युनिकची मंडळी या शतकाच्या मध्यापर्यंत काम संपवू असे म्हणतात. इंग्रजांच्या ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ साली निघाली आणि तो १९२८ साली पुरा झाला. आणि परदेशात तरी कशाला जायचे? पुण्यातच भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला. तिचा पाया घालणारे विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली गेले, पण कामाची साखळी तुटली नाही आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली. दीर्घ कामे आपल्या हातून होत नाहीत, हे म्हणणे त्यामुळे मला पटत नाही.

तर मग डेक्कन कॉलेजच्या पुढच्या योजनेत काय असावे? मी त्या संस्थेचा कोणी नव्हे. मराठीचा एक मास्तर आहे आणि कोश वापरून पोट भरतो, एवढ्याच अधिकाराने बोलतो.

पहिली भीती मला नव्या धोरणाची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे उद्दिष्ट ठेवले आहे की, २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि त्यांत तीन-तीन हजार विद्यार्थी असावेत. हेतू वाईट नाही. एकेका विषयाच्या कोंडवाड्यात मुले कोंडू नयेत, हे कोणीही मान्य करील. पण भाषा, पुरातत्त्व आणि कोश यांतच आयुष्य घालवणाऱ्या छोट्या संस्थेने तीन हजार डोकी जमवायची कशी? वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे वर्ग काढून? तसे झाले तर फलकावर विद्याशाखांची संख्या वाढेल आणि ‘अक्ष’ शब्दासाठी शेजारच्या खोलीत जाणारा संपादक वर्गांच्या वेळापत्रकात हरवेल. विद्या शेजारी-शेजारी ठेवणे निराळे, आणि त्यांचे जाणे-येणे असणे निराळे. आपल्या चाळीतही एकेका मजल्यावर पंधरा बिऱ्हाडे असतात, पण वाटीभर साखर मागायला आपण एक-दोन घरीच जातो.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. अलीकडे चिठ्ठ्या आणि छापील खंड संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले आहे, ही फार मोलाची घटना मी समजतो. मात्र त्यातून केवळ संपादकांची सोय होऊन थांबू नये. एक कोटी चिठ्ठ्या, संपादन झालेले नसले तरी, जशाच्या तशा जगापुढे उघड्या कराव्यात. कोशकार यावर नाक मुरडतील. चिठ्ठीत चूक असेल, जुन्या आवृत्तीचा पाठ असेल, कच्चे धान्य पंगतीत कसे वाढायचे, असे ते म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. परंतु ‘क’पासून पुढच्या चिठ्ठ्या आमच्या नातवांनाही पाहायला मिळणार नसतील, तर पिकलेले धान्य कणगीत कुजवण्यासारखे ते होईल. कोल्हापूरच्या एखाद्या वैद्याला ‘हरीतकी’ शब्दाचे सगळे उल्लेख आज हवे असतील, तर त्याने पंचविसाव्या शतकापर्यंत थांबावे काय? चिठ्ठीवर ‘असंपादित’ असा ठळक शिक्का मारावा आणि तिला बाहेर येऊ द्यावे. संपादित खंड आपल्या गतीने, आपल्या शिस्तीने येत राहोत.

तिसरी गोष्ट मराठीची, आणि तेथे मी थोडा स्वार्थी आहे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ साली आला. पण लीळाचरित्रापासून आजच्या वर्तमानपत्रापर्यंत एकेका मराठी शब्दाचा सलग, सालवार प्रवास दाखवणारा कोश आपल्यापाशी नाही. तो करण्याची विद्या कोठे असेल तर ती येरवड्यालाच आहे. ज्या घाटग्यांनी संस्कृत कोशाचा पहिला खंड काढला, त्यांनीच १९६० च्या दशकात कुडाळी, दक्षिण कानडातील कोकणी यांसारख्या बोलींची पाहणी करून पुस्तके लिहिली होती. आणि गेल्या काही वर्षांत राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञांनी गावोगाव जाऊन मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण केले, ते संगणकावर कोणालाही ऐकता येते. नात्यांच्या शब्दांचे फरकही त्यात नोंदले आहेत. इरावतीबाईंनी वही-पेन्सिल घेऊन जे केले तेच काम नव्या साधनांनी पुढे चालले आहे. फराळाला जमलेल्या मंडळींना हे अवश्य ऐकवावे. खानदेशातली ‘फुई’ आणि पुण्यातली ‘आत्या’ एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हे सगळे करायचे ते माणसांनी. खरी अडचण येथे आहे. संस्कृत उत्तम जाणणारी, प्राकृताची ओळख असलेली, चिठ्ठीवरचे अर्धे वाक्य पाहून मूळ ग्रंथ उघडण्याची सवय असलेली माणसे तयार व्हायला दहा वर्षे लागतात. आणि आज महाराष्ट्रात पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला समोर काय दिसते? तासिका तत्त्वावरची नोकरी, म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. संस्कृत आणि मराठी दोन्हींत असामान्य गती असलेला माझा एक विद्यार्थी बँकेच्या परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला. त्याला मी पेढे दिले. दुसरे काय करणार? त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. कोशाला अशी चार-पाच मुले दर पाच वर्षांनी कायमच्या नोकरीत मिळाली, तर चारशे वर्षांचे शंभरावर येतील; संगणक त्यातली आणखी काही कापील. संगणक चिठ्ठ्या लावून देईल, सारखी वाक्ये जवळ आणील, पण ‘अक्ष’ एक की तीन, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागेल.

माणसे तयार करणे या संस्थेला नवे नाही. १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने कत्रे यांनी भाषाशास्त्राचे उन्हाळी वर्ग भरवले. देशभरातून तरुण प्राध्यापक आणि विद्यार्थी आले, परदेशी अध्यापक आले, आणि त्या थोड्या वर्षांत भारतातील आधुनिक भाषाशास्त्राची एक पिढीच्या पिढी उभी राहिली. कोश शतकांच्या हिशेबाने चालत असताना ही योजना पाच-सहा उन्हाळ्यांत फळाला आली, हे विसरण्यासारखे नाही.

तसेच वर्ग पुन्हा का भरवू नयेत? सहा आठवड्यांचे, कोशविद्येचे, चिठ्ठी कशी वाचावी हे शिकवणारे. एम. ए.ची मुले येतील, निवृत्त शिक्षक येतील, संस्कृत शिकलेल्या आणि आता मुले मोठी झालेल्या गृहिणी येतील. ऑक्सफर्डच्या कोशाला हजारो चिठ्ठ्या अशाच घरी बसलेल्या वाचकांनी लिहून पाठवल्या होत्या. मे महिन्यात कॉलेजे रिकामी असतात, येरवड्याच्या त्या झाडीत सावली भरपूर आहे, आणि ‘आ’ अजून यायचाच आहे.